शासकीय पदे : अत्यावश्यक कोणती, अनावश्यक कोणती?

शासनाचा पसारा फार वाढला आहे, तो आवरता घेतला पाहिजे, ही मागणी कोणत्याही देशाला नवीन नाही. करदात्याच्या पैशातून ज्याचे वेतन दिले जाते, तो कर्मचारी जनतेला खरोखरच लागतो काय, हा प्रश्न नागरिकांनी विचारावा आणि शासनाने त्याचे समाधानकारक उत्तर द्यावे, हे लोकशाहीला धरूनच आहे. आपल्या राज्यातही एखाद्या विभागाचा आकृतिबंध सुधारताना, रिक्त पद भरावयाचे की ते व्यपगत होऊ द्यावयाचे हे ठरविताना, हाच प्रश्न पुढे येतो. प्रश्न सोपा वाटतो; उत्तर मात्र तितके सोपे नाही. एखादे पद 'अत्यावश्यक' आहे किंवा नाही हे ठरविण्यासाठी कोणती कसोटी लावावयाची, यावरच सारे अवलंबून असते.

'अत्यावश्यक' हा शब्द महाराष्ट्रातील जनतेच्या चांगल्या परिचयाचा आहे. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे बंद झालेली मुंबईची उपनगरी रेल्वे १५ जून रोजी पुन्हा सुरू झाली, ती केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. प्रथम रुग्णालये, पोलीस, नगरपालिका, पाणीपुरवठा अशा सेवांचा तीत समावेश होता. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच केंद्रीय कार्यालये, टपाल, राष्ट्रीयीकृत बँका, न्यायालये यांतील कर्मचाऱ्यांनाही प्रवासाची मुभा द्यावी लागली. याचा अर्थ, पहिल्या यादीत जे नव्हते त्यांचे काम अनावश्यक होते असा नव्हे. ते काम काही दिवस थांबू शकत होते, एवढेच. जसजसे दिवस गेले, तसतशी अत्यावश्यक कामांची यादी वाढत गेली.

पद कमी करण्याचा निर्णय घेताना ही साधी गोष्ट विसरली तर काय होते, याचे अलीकडील मोठे उदाहरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी घालून दिले आहे. २०२५ साली तेथील संघ शासनाने आपल्या नोकरवर्गात जी कपात केली, तिचा वेग आणि विस्तार असाधारण होता. या कपातीच्या अनुभवातून पदांची कसोटी कशी असावी आणि कशी असू नये, हे पाहता येते.

कपातीचे स्वरूप

२०२५ च्या आरंभी अमेरिकेच्या संघ शासनात, टपाल सेवा आणि सैन्यदले वगळता, सुमारे २४ लाख मुलकी कर्मचारी होते. यांतील सुमारे ८० टक्के कर्मचारी राजधानी वॉशिंग्टनच्या परिसराबाहेर, देशभरच्या रुग्णालयांत, विमानतळांवर, वनक्षेत्रांत, वेधशाळांत आणि निवृत्तिवेतनाच्या कार्यालयांत काम करीत होते. माजी सैनिकांचे प्रमाणही त्यांत बरेच मोठे होते. देशाची लोकसंख्या १९७० साली सुमारे २० कोटी होती, ती २०२० साली ३३ कोटींवर गेली. संघ शासनाच्या मुलकी नोकरवर्गाची संख्या मात्र या अर्धशतकात त्या मानाने फारशी वाढलेली नव्हती.

२० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सूत्रे हाती घेताच नवीन भरती थांबविली आणि शासकीय कार्यक्षमतेच्या नावाने एक स्वतंत्र यंत्रणा स्थापन केली. त्याच महिन्याच्या २८ तारखेस कर्मचाऱ्यांना ई-पत्राने एक प्रस्ताव पाठविण्यात आला. जो आता राजीनामा देईल त्याला काम न करताही ३० सप्टेंबरपर्यंत वेतन मिळेल, असा तो प्रस्ताव होता. या आणि पुढील अशाच प्रस्तावांचा स्वीकार सुमारे दीड लाख कर्मचाऱ्यांनी केला. फेब्रुवारीत परिविक्षाधीन कर्मचाऱ्यांना कमी करण्यास सुरुवात झाली. त्यानंतर निरनिराळ्या खात्यांत पदे रद्द करण्याच्या नोटिसा निघाल्या. एकट्या आरोग्य खात्यात १ एप्रिल रोजी सुमारे १० हजार जणांच्या कपातीस प्रारंभ झाला. वर्षभरात मिळून तीन लाखांहून अधिक कर्मचारी सेवेतून गेले आणि नव्याने आलेल्यांची संख्या सत्तर हजारांच्या आसपास राहिली.

काम न पाहता कपात

यातील पहिली गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे ती अशी की, कोणाला ठेवावयाचे आणि कोणाला काढावयाचे हे बहुतांशी कामाच्या स्वरूपावरून ठरले नाही. ज्यांना काढणे कायद्याने सोपे होते किंवा जे स्वतःहून जाण्यास तयार होते, ते प्रथम गेले.

परिविक्षाधीन कर्मचारी म्हणजे सेवेत येऊन साधारणतः एक वर्ष, काही पदांवर दोन वर्षे, पूर्ण न झालेला कर्मचारी. त्याला सेवेचे पुरते संरक्षण मिळालेले नसते. त्यामुळे सुमारे पंचवीस हजार परिविक्षाधीन कर्मचाऱ्यांना थोड्याच दिवसांत कमी करता आले. बढती मिळून नव्या पदावर गेलेले काही अनुभवी कर्मचारीही यात सापडले. अनेकांच्या पत्रांत काम समाधानकारक नसल्याचे ठरावीक शब्दांत नमूद केलेले होते. प्रत्यक्षात प्रत्येकाच्या कामाचे वेगळे मूल्यमापन झालेले नव्हते. मार्च २०२५ मध्ये दोन संघीय न्यायालयांनी यांतील हजारो कर्मचाऱ्यांना परत घेण्याचे आदेश दिले आणि एप्रिलमध्ये वरिष्ठ न्यायालयांनी त्या आदेशांना स्थगिती दिली. या काळात कर्मचारी सेवेत आहे की नाही, हे अनेक कार्यालयांत निश्चितपणे सांगता येत नव्हते.

स्वेच्छेने जाण्याचा मार्ग दिसावयास अधिक सौम्य वाटतो. परंतु त्यातही एक दोष असतो. ज्याला बाहेर चांगली नोकरी मिळण्याची खात्री असते किंवा ज्याची निवृत्ती जवळ आलेली असते, तो प्रथम जातो. अर्थात कुशल आणि अनुभवी माणूस जातो. कोणते काम बंद करावयाचे हे शासनाने ठरविण्याऐवजी, कोण निघून जातो यावर ते ठरते.

कामाची आठवण नंतर

या पद्धतीचे परिणाम लवकरच दिसू लागले. अण्वस्त्रांच्या साठ्याची देखभाल पाहणाऱ्या यंत्रणेतील काही कर्मचाऱ्यांना फेब्रुवारीच्या मध्यास कमी करण्यात आले आणि एक-दोन दिवसांतच बहुतेकांना परत बोलावण्याची वेळ आली. त्यांची कार्यालयीन टपालाची सोय बंद केलेली असल्याने काहींशी संपर्क साधणेही कठीण झाले. देशात कोंबड्यांवरील बर्ड फ्लूची साथ चालू होती, अंड्यांचे भाव भडकले होते. नेमक्या त्याच वेळी या साथीच्या कामावरील काही कर्मचाऱ्यांना कृषी खात्याने काढले आणि ती चूक मान्य करून नोटिसा मागे घेण्याची खटपट केली.

हवामान खात्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. वातावरणाच्या वरच्या थरांतील तापमान, आर्द्रता आणि वारा मोजण्यासाठी जगभर दिवसातून दोनदा, ठरावीक वेळी, उपकरणे बांधलेले फुगे आकाशात सोडले जातात. भारतीय वेळेप्रमाणे ही वेळ पहाटे आणि सायंकाळी साडेपाचची असते आणि आपल्या वेधशाळाही याच वेळी हे काम करतात. अमेरिकेत अशी सुमारे ९० केंद्रे आहेत. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस अलास्कातील कॉट्झेब्यू येथील केंद्राने पुरेसे कर्मचारी नसल्याने फुगे सोडणे थांबविले. पुढे इतरही काही केंद्रांवर हे काम कमी करावे लागले. फुगा एक दिवस सुटला नाही तर सामान्य माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. अंदाज मात्र तेवढ्या प्रमाणात अपुऱ्या माहितीवर बांधावा लागतो, आणि त्याची किंमत वादळाच्या दिवशी कळते. राष्ट्रीय हवामान सेवेतून पाचशेहून अधिक कर्मचारी गेल्यानंतर, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुमारे ४५० पदे पुन्हा भरण्यास परवानगी द्यावी लागली.

परंतु पद आणि माणसाचे जीवन यांचा संबंध सर्वांत स्पष्ट झाला तो वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील कोळसा खाणींच्या प्रदेशात. १९६८ साली तेथील फार्मिंग्टन येथील खाणीत स्फोट होऊन ७८ कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर १९६९ साली झालेल्या कायद्याने खाणकामगारांच्या फुप्फुसांची विनामूल्य क्ष-किरण तपासणी करण्याची जबाबदारी संघ शासनावर टाकली. मॉर्गनटाउन येथील शासकीय संस्था हे काम पाहते आणि तिची फिरती तपासणी गाडी खाणींपर्यंत जाते. कोळशाच्या धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसांच्या रोगाची लक्षणे ज्या कामगारात आढळतात, त्याला वेतनात घट न होता कमी धुळीच्या जागी काम मागण्याचा हक्क आहे. मात्र हा हक्क बजावण्यासाठी संस्थेने तपासणीचा निष्कर्ष कळविणारे पत्र द्यावे लागते.

एप्रिल २०२५ मध्ये या संस्थेतील कर्मचाऱ्यांना कपातीच्या नोटिसा मिळाल्या. क्ष-किरण छायाचित्रे वाचणारे कोणी राहिले नाही आणि पत्रे निघणे थांबले. कायदा होता, हक्क होता, रोगही होता. केवळ पत्र देणारा कर्मचारी नव्हता. त्यामुळे ज्या कामगाराला धुळीतून बाहेर पडावयाचे होते, त्याला धुळीतच काम करावे लागणार होते. एका खाणकामगाराने न्यायालयात दाद मागितली आणि मे महिन्यात संघीय न्यायालयाने हे काम पूर्ववत सुरू करण्याचा आदेश दिला. कायद्याने शासनावर टाकलेले काम, ते करणारी पदे रद्द करून परस्पर संपविता येत नाही, हा या प्रकरणाचा धडा होय.

कायद्यातील अरुंद व्याख्या

अमेरिकेत 'अत्यावश्यक कर्मचारी' हा शब्द रूढ होण्याचे आणखी एक कारण आहे. तेथील संसदेने विनियोजन विधेयके वेळेवर संमत केली नाहीत तर शासनाला खर्च करण्याचा अधिकार राहत नाही. १९८० आणि १९८१ साली तेथील महान्यायवाद्यांनी दिलेल्या अभिप्रायानुसार, अशा वेळी मानवी जीविताच्या सुरक्षिततेसाठी किंवा मालमत्तेच्या रक्षणासाठी लागणारी आणि कायद्याने मोकळीक दिलेली अशी मोजकीच कामे चालू ठेवता येतात. जे ही कामे करतात ते वेतनाविना कामावर येतात. बाकीच्यांना घरी बसविले जाते. पुढे निधी मंजूर झाल्यावर सर्वांना थकलेले वेतन मिळावे, अशी तरतूद २०१९ च्या कायद्याने केली आहे.

१ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ या काळात असा बंद ४३ दिवस चालला. त्यापूर्वीच्या कोणत्याही बंदपेक्षा तो दीर्घ होता. विमानांच्या उड्डाणांवर नजर ठेवणारे नियंत्रक अत्यावश्यक ठरल्याने कामावर येत राहिले. परंतु वेतन न मिळाल्याने अनुपस्थिती वाढत गेली. अखेर ७ नोव्हेंबरपासून देशातील ४० मोठ्या विमानतळांवरील उड्डाणे कमी करावी लागली. ज्याला अत्यावश्यक म्हटले त्याच्याच वेतनाची व्यवस्था होऊ शकली नाही, कारण वेतनाचे काम ज्या निर्णयावर अवलंबून होते तो निर्णयच झालेला नव्हता.

कायद्यातील ही व्याख्या 'आज काय थांबविता येणार नाही' एवढेच सांगते. ती संकटाच्या दिवसांपुरती योग्य आहे. तिच्या आधारे कायमचा आकृतिबंध ठरवू गेल्यास मोठी चूक होईल. लेखापरीक्षक, अन्नाचे नमुने तपासणारा प्रयोगशाळा सहायक, जमिनीच्या नोंदी ठेवणारा कर्मचारी, जनगणनेचे आकडे जुळविणारा संख्याशास्त्रज्ञ यांच्यापैकी कोणीही एक दिवस गैरहजर राहिल्याने अनर्थ होत नाही. एक वर्ष ते नसतील तर मात्र अफरातफर, भेसळ, जमिनीचे तंटे आणि चुकीच्या योजना यांना वाव मिळतो.

पूर्वीचे दोन अनुभव

अमेरिकेचा याआधीचा अनुभवही बोधप्रद आहे. ३ ऑगस्ट १९८१ रोजी तेथील हवाई वाहतूक नियंत्रकांनी संप केला. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि त्यानंतर कामावर न आलेल्या ११,३४५ नियंत्रकांना बडतर्फ केले. संप बेकायदेशीर होता, हे खरे. परंतु एक नियंत्रक पूर्णपणे तयार होण्यास काही वर्षे लागतात. त्यामुळे विमानवाहतूक पूर्ववत होण्यास बराच काळ लागला. त्याहून दूरचा परिणाम असा झाला की, संपानंतर थोड्याच वर्षांत घाईने भरलेले हजारो नियंत्रक एकाच पिढीचे होते. नियंत्रकाला ५६ व्या वर्षी निवृत्त व्हावे लागते. परिणामी पाव शतकानंतर ते जवळजवळ एकाच वेळी निवृत्त होऊ लागले आणि तुटवडा पुन्हा जाणवू लागला.

दुसरा अनुभव १९९० च्या दशकातील आहे. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या काळात १९९३ साली उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या नेतृत्वाखाली कारभाराचा आढावा घेण्यात आला. १९९४ साली संसदेने कायदा करून २,७२,९०० पदे कमी करण्याचे लक्ष्य ठरविले आणि सेवा सोडणाऱ्यास कमाल २५ हजार डॉलरपर्यंत रक्कम देऊ केली. ही कपात अनेक वर्षांत, संसदेच्या संमतीने आणि फारशी खळबळ न होता पार पडली. कपात करताच येत नाही, हा समज त्यामुळे खोटा ठरतो. तथापि तिलाही उणीव राहिली. संख्येचे लक्ष्य आधी ठरले आणि कामाचा विचार मागे पडला. कंत्राटांवर देखरेख करणारे खरेदी अधिकारी कमी झाले आणि पुढील काळात कंत्राटी कामाचा पसारा मात्र वाढत गेला. २००१ साली संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने मनुष्यबळाचे नियोजन हा विषय शासनापुढील मोठ्या धोक्यांच्या यादीत घातला.

खर्चाचा हिशेब

कपातीचे समर्थन बहुधा काटकसरीच्या मुद्द्यावर केले जाते. अमेरिकेत संघ शासनाच्या एकूण खर्चात मुलकी कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा व भत्त्यांचा वाटा चार-पाच टक्क्यांच्या आसपास आहे. मोठा खर्च वृद्धांचे निवृत्तिवेतन, आरोग्यविमा, संरक्षण आणि कर्जावरील व्याज यांवर होतो. म्हणूनच २०२५ या वित्तीय वर्षात एवढी कपात होऊनही संघ शासनाचा एकूण खर्च घटला नाही, उलट वाढला.

भारतातील राज्यांची स्थिती वेगळी आहे. येथे वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांनी महसुली खर्चाचा फार मोठा भाग व्यापलेला असतो आणि रस्ते, पाटबंधारे, शाळाखोल्या यांसाठी त्या मानाने कमी पैसा उरतो. त्यामुळे पदांची छाननी आपल्याकडे अधिक निकडीची आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु निकड आहे म्हणून कामाची पाहणी टाळता येत नाही.

भारताने धरलेली वाट

भारतात या प्रश्नाचा विचार बराच पूर्वीपासून होत आला आहे. न्यायमूर्ती रत्नवेल पांडियन यांच्या अध्यक्षतेखालील पाचव्या केंद्रीय वेतन आयोगाने १९९७ साली दहा वर्षांत केंद्रीय नोकरवर्गात ३० टक्के घट करण्याची शिफारस केली. २००१-०२ च्या अर्थसंकल्पात केंद्र शासनाने सौम्य मार्ग निवडला. दरवर्षी सुमारे तीन टक्के कर्मचारी निवृत्त होतात. नवी भरती एक टक्क्यापुरती ठेवावी, म्हणजे दरवर्षी दोन टक्के आणि पाच वर्षांत दहा टक्के घट होईल, असा तो हिशेब होता. कोणालाही नोकरीवरून न काढता संख्या कमी करण्याचा हा मार्ग माणुसकीचा होता. मात्र निवृत्ती कामाची गरज पाहून येत नाही. जेथे अधिक माणसे निवृत्त झाली तेथे जागा रिकाम्या राहिल्या, मग तेथील काम निकडीचे असो वा नसो.

सातव्या केंद्रीय वेतन आयोगाने दिलेली तुलना या संदर्भात उद्बोधक आहे. लोकसंख्येच्या दर लाखामागे अमेरिकेच्या संघ शासनात ६६८ कर्मचारी होते, तर भारताच्या केंद्र शासनात १३९. दोन्ही देशांतील राज्यव्यवस्था वेगळी असल्याने या आकड्यांवरून घाईने निष्कर्ष काढू नये. तरीही भारतात सरसकट माणसे जास्त आहेत, ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे, एवढे त्यांवरून दिसते. काही ठिकाणी माणसे जास्त आणि काही ठिकाणी फारच थोडी, हे वास्तवाला अधिक धरून आहे.

सेवाशाश्वतीच्या बाबतीत आपली चौकट स्पष्ट आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३११ अन्वये चौकशी केल्याविना आणि म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याविना, काही अपवाद सोडल्यास, कर्मचाऱ्याला बडतर्फ करता येत नाही. मात्र गरज संपल्यामुळे सद्भावनेने पद रद्द करणे ही शिक्षा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच स्पष्ट केले आहे. अतिरिक्त ठरलेल्या कर्मचाऱ्यांना अन्यत्र सामावून घेण्यासाठी केंद्र शासनाने १९९० साली नियमही केले. १४ जुलै २०१३ रोजी देशातील तारसेवेचा अखेरचा दिवस पार पडला. दूरध्वनी आणि मोबाइल यांमुळे ते काम खरोखरच संपले होते. म्हणून पदे गेली आणि त्यांवरील कर्मचाऱ्यांना दूरसंचाराच्या इतर कामांवर घेण्यात आले. काम संपले म्हणून पद संपले, हा क्रम योग्य होय.

कसोटी कोणती?

या साऱ्या अनुभवांतून पद ठेवावे की काढावे याची काही सूत्रे हाती लागतात. पहिले, पदाआधी काम पाहावे. ते काम कोणत्या कायद्याने किंवा धोरणाने शासनावर आले आहे, ते आजही लागते काय, तेच काम दुसरे एखादे कार्यालय करीत आहे काय, हे तपासावे. अमेरिकेच्या संसदेची लेखापरीक्षण यंत्रणा २०११ पासून दरवर्षी अशा दुहेरी कामांवर अहवाल देत आली आहे. तो आधार २०२५ मध्येही उपलब्ध होता. दुसरे, ते काम थांबल्यास एक दिवसानंतर, एक वर्षानंतर आणि दहा वर्षांनंतर कोणाचे काय नुकसान होईल, याचा विचार करावा. तिसरे, ते कौशल्य पुन्हा मिळविण्यास किती काळ लागेल, हे पाहावे. चौथे, काम नवीन यंत्राने किंवा कंत्राटाने होणार असेल तर त्यावर देखरेख कोण ठेवील, हे आधी ठरवावे. आणि शेवटी, ज्याचे पद जाणार आहे त्याला पुरेशी सूचना, प्रशिक्षण आणि दुसऱ्या कामाची संधी द्यावी.

ही कसोटी दोन्ही बाजूंनी लावावयाची आहे. तिच्यातून जी पदे निरुपयोगी ठरतील, ती केवळ परंपरेने चालत आली म्हणून ठेवू नयेत. आणि जी उपयुक्त ठरतील, ती काटकसरीच्या नावाखाली वर्षानुवर्षे रिक्त ठेवू नयेत. रिक्त ठेवलेले आवश्यक पद हीसुद्धा एक प्रकारची कपातच असते. फरक एवढाच की तिची नोटीस निघत नाही आणि तिच्याविरुद्ध कोणाला दाद मागता येत नाही. दूरच्या आरोग्य केंद्रातील परिचारिकेची जागा किंवा तलाठ्याचा सजा मोकळा राहिला, तर दाखल्यासाठी किंवा औषधासाठी आलेल्या माणसाला परत जावे लागते. मॉर्गनटाउनच्या पत्राची वाट पाहणारा खाणकामगार आणि हा माणूस यांची अडचण एकाच जातीची आहे. शासकीय पदाची आवश्यकता ठरविताना अशा माणसाला समोर ठेवले, तर कोणते पद राहावे आणि कोणते जावे याचा निर्णय पुष्कळसा सुकर होईल.